बिअरला बोट समजणारी करवत

लाकूड कापायची विजेची करवत चारचौघांसारखी घ्यावी की चौपट पैसे मोजून घ्यावी, या प्रश्नावर तेओदोसिओ इतुरी मास्तरांनी पाच महिने विचार केला. बायको निवडायला त्यांना याच्या निम्माही वेळ लागला नव्हता, आणि ही गोष्ट नियेवेसबाईंनी त्या पाच महिन्यांत त्यांना निदान तीनदा बोलून दाखवली.

खरं तर करवतीची गरजच नव्हती. मास्तर ला पास शहरातल्या एका सरकारी शाळेत सव्वीस वर्षं तांत्रिक चित्रकला शिकवत होते. टेबलाचा वरून, समोरून आणि बाजूनं दिसणारा आराखडा ते डोळे मिटून काढू शकत, पण प्रत्यक्ष टेबलाशी त्यांचा संबंध जेवण्यापुरताच होता. घोळ झाला तो मुलीच्या, हिमेनाच्या, मागणीच्या दिवशी. मुलाचे वडील माकारिओ पोमा हे वर, पठारावरच्या एल आल्तो शहरातले नावाजलेले सुतार. ते फुलं, केक आणि सिंगानी ब्रँडीच्या दोन बाटल्या घेऊन रीतसर मागणी घालायला आले. दुसऱ्या बाटलीच्या मध्यावर मास्तरांना बापाचं प्रेम अनावर झालं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की पोरीच्या नव्या घरातलं जेवणाचं टेबल ते स्वतःच्या हातानं करणार. बारा माणसांचं. सेद्रो लाकडाचं.

व्याह्यांनी आधी मास्तरांच्या हातांकडे पाहिलं. खडूच्या भुकटीपलीकडे त्या हातांनी काही सोसलेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा डावा हात टेबलक्लॉथवर ठेवला. त्याला अंगठा होता, करंगळी होती, तिच्या शेजारचं बोट होतं. मधली दोन नव्हती.

"सुतार व्हायचं तर फी भरावी लागते, व्याही," ते म्हणाले. "मी दोन हप्ते भरलेत."

सगळे हसले. मास्तरही हसले, पण ते हसू त्यांना रात्रभर पचलं नाही. आता प्रश्न नुसत्या टेबलाचा राहिला नव्हता. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या शनिवारी लग्न होतं. तोवर टेबल उभं करायचं, तेही दहाच्या दहा बोटं शाबूत ठेवून, आणि ती दहा बोटं व्याह्यांच्या समोर त्याच टेबलावर पसरून दाखवायची, एवढं एकच ध्येय मास्तरांपुढे उरलं.

करवती दोन होत्या. पहिली उयुस्तुसच्या बाजारात, निळ्या ताडपत्रीखाली. ती विकणाऱ्या बाईंकडे करवतीखेरीज केस वाळवायची यंत्रं, दुधाच्या बाटल्या आणि फुटबॉलचे बूटही होते. गॅरंटी किती, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, कोपऱ्यापर्यंत. कोपरा वळलात की यंत्र तुमचं आणि तुम्ही देवाचे. दुसरी करवत शहराच्या खालच्या अंगाला, श्रीमंतांच्या वस्तीत, काचेच्या शोरूममध्ये होती. तिथं मास्तरांना आधी कॉफी दिली गेली, मग खुर्ची, मग टाय घातलेला एक इंजिनियर. त्यानं समजावलं की या करवतीच्या पात्यातून अगदी बारीक वीज फिरत असते. लाकूड लागलं तर तिला काही वाटत नाही. माणसाची कातडी लागली की तिला ते कळतं, खालून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा उसळून पात्याच्या दातांत घुसतो आणि पातं डोळ्याची पापणी लवायच्या आत थांबून टेबलाखाली गडप होतं. ठोकळा आणि पातं दोन्ही कामातून जातात, नवे घालावे लागतात, पण बोट राहतं. मग त्यानं एक सॉसेज घेऊन ते धडधडत्या पात्यावर सरकवलं. ठाड असा आवाज झाला. सॉसेजवर नखानं ओढल्यासारखा एक ओरखडा होता. त्या सॉसेजकडे बघून मास्तरांना भरून आलं.

घरी येऊन त्यांनी ड्रॉइंग शीटवर शाईनं तक्ता आखला. सतरा मुद्दे घेतले, प्रत्येक मुद्द्याला परीक्षेसारखे गुण ठेवले आणि दोन्ही करवतींचे पेपर तपासले. स्वस्त करवतीला एकसष्ट गुण पडले, महागडीला त्रेसष्ट. दोन गुणांसाठी चौपट किंमत हे मनाला पटेना म्हणून फेरतपासणी केली, तर फरक एका गुणावर आला. तिसऱ्यांदा तपासायची त्यांची हिंमत झाली नाही.

समोरच्या घरात ऑस्कर अरांदिया राहत. ते जकात खात्यातून निवृत्त झालेले होते आणि ज्या विषयात त्यांना मत नाही असा विषय अजून आयात व्हायचा होता. त्यांनी तक्ता वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. दोन्ही करवती एकाच बोटीतून येतात, एकाच बंदरात उतरतात आणि एकाच डोंगरावरून इकडे येतात, फक्त एक पहाटे जकात चुकवून येते आणि दुसरी दुपारी जकात भरून, असं त्यांचं म्हणणं पडलं. जास्तीचे पैसे हे दुपारचे पैसे आहेत म्हणाले. व्याह्यांनी तर फोनवरच निकाल दिला. ज्या यंत्राची भीती वाटत नाही त्याच्यावर लाकूड सरळ कापलं जात नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांचं शास्त्र होतं, आणि मास्तरांची सव्वीस वर्षं त्यापुढे अपुरी पडत होती.

शेवटी निर्णय नियेवेसबाईंनी घेतला. बाई सरकारी इस्पितळात हाडांच्या विभागात परिचारिका. हातरुमालात बोट गुंडाळून आणलेली माणसं त्यांनी मोजायची सोडून दिली होती. त्यांनी आपला डिसेंबरचा बोनस मास्तरांच्या तक्त्यावर, बरोबर एकसष्टचा आकडा झाकला जाईल असा, ठेवला.

"टेबल नाही जमलं तर विकत आणू, तेओ," त्या म्हणाल्या. "बोटं उयुस्तुसलाही मिळत नाहीत."

महागडी करवत घरी आली. तिच्यासाठी गॅरेज मोकळं केलं आणि मोटार रस्त्यावर ठेवली, त्यावरून अरांदियांशी चार दिवस अबोला झाला तो भाग वेगळा. करवतीबरोबर एक जाड पुस्तिका आली, जी मास्तरांनी अथपासून इतिपर्यंत वाचली आणि पुन्हा वाचली आणि रविवारी नियेवेसबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. आणखी एक छोटी पिवळी किल्ली आली. ती फिरवली की बोट ओळखणं बंद पडतं आणि यंत्र इतर यंत्रांसारखं अडाणी होतं. ओलं लाकूड कापायचं असेल तर ती वापरावी, कारण ओलं लाकूड आणि माणूस यांतला फरक करवतीला समजत नाही, असं पुस्तिकेत छापलं होतं. ती किल्ली बाईंनी पहिल्याच दिवशी ॲप्रनच्या खिशात घातली.

यंत्र मात्र लगेच सुरू करता येईना. कार्निव्हलचा मंगळवार दहा दिवसांवर होता, आणि त्या दिवशी घर, मोटार, दुकान, शिलाई मशीन, जे काही आपल्याला पोसतं त्याला फुलं, रंगीत कागद आणि बिअर वाहून धरणीमातेला तिचा घोट द्यायचा असतो. त्याआधी नवं यंत्र चालवणं म्हणजे तिच्या घरात न विचारता चपला घालून शिरणं. मास्तर भौतिकशास्त्र शिकलेले होते, पण इतकेही नाही. शिवाय यंत्राला धर्मपिता हवा. घरात होऊ घातलेला व्याही सुतार असताना दुसऱ्या कुणाला धर्मपिता करणं म्हणजे लग्न मोडायला निमंत्रण देणं. त्यामुळे व्याही आले, बिअरची पेटी, पिवळ्या पाकळ्यांची पिशवी आणि कागदी फितींचा ढीग घेऊन आले.

करवतीच्या चारही पायांना फिती बांधल्या. पाकळ्या उधळल्या. हिमेनानं तिच्यावर कागदाचे ठिपके शिंपडले. माकारिओंनी बाटली उघडली, जमिनीवर चार थेंब टाकले आणि मग थबकले.

"ही झोपलीय," ते म्हणाले. "झोपलेल्याला कुणी पाजतं का, व्याही? जागी करा तिला."

मास्तरांनी समजावण्यासाठी तोंड उघडलं होतं, हे इथं त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण एक तर कार्निव्हलच्या मंगळवारी धर्मपित्याला अडवायचं नसतं, आणि दुसरं म्हणजे पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर पाणी असा शब्द होता, बिअर असा नव्हता. या बारकाव्यावर ते विचार करत असतानाच त्यांचा हात सवयीनं आज्ञाधारक असल्यामुळे बटणाकडे गेला. पातं गरगरलं. माकारिओंनी डोळे मिटून, धरणीमातेचं नाव घेऊन, अर्धी बाटली त्याच्यावर ओतली.

ठाड झालं. बिअर छतापर्यंत उडाली, फिती तुटून व्याह्यांच्या टोपीवर येऊन बसल्या आणि पातं नाहीसं झालं. मास्तरांनी खालच्या आवाजात खुलासा केला की यंत्रात काही बिघाड नाही, उलट ते फारच उत्तम चाललंय. त्याला वाटलं बिअर म्हणजे बोट.

माकारिओ हसायला लागले ते खुर्ची मागवावी लागेपर्यंत. "चौपट पैसे देऊन आणलंत," डोळे पुसत ते म्हणाले, "आणि याला बिअर आणि बोट यातला फरक कळत नाही. माझ्या उरलेल्या तिघांनाही कळतो." ही गोष्ट संध्याकाळच्या केबलकारनं त्यांच्याबरोबर वर गेली आणि बुधवारी अख्ख्या एल आल्तोत पसरली.

नवा ठोकळा आणायला मास्तर शोरूममध्ये गेले तर त्यांच्यापुढे फॉर्म आला. ठोकळा कशानं सुटला, या प्रश्नाखाली बोट, तळवा, मनगट आणि शरीराचा अन्य भाग असे चार चौकोन होते. मास्तरांनी चारही चौकोन वगळून खाली सुवाच्य अक्षरात बिअर असं लिहिलं. काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, मास्तरांकडे पाहिलं आणि बिअरला चौकोन नसल्याचं कळवलं. शरीराचा अन्य भाग यावर खूण करा, असं तिनं सुचवलं. मास्तर म्हणाले की आपण शिक्षक आहोत, खोटी खूण करणार नाही. मग मॅनेजर आला. त्यानं सांगितलं की अन्य कारण असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतील आणि त्या अन्य कारणाच्या मालकाच्या ओळखपत्राची प्रत लागेल. बिअरचे मालक माकारिओ होते. आपल्याच फजितीच्या कागदासाठी व्याह्यांकडे ओळखपत्र मागण्याचा प्रसंग मास्तरांवर आला, आणि व्याह्यांनी ते इतक्या आनंदानं दिलं की मास्तरांना ते जास्तच लागलं.

दुसरा ठोकळा अरांदियांनी खाल्ला. म्हणजे तसं म्हणायला हरकत नाही. अबोला संपल्यावर ते रोज गॅरेजच्या दारात उभे राहून विचारायचे, की बिअरनं थांबतं ते ठीक, पण बोटानं थांबतं हे कुणी पाहिलंय? शोरूममध्ये पाहिलं म्हणता, तर शोरूममध्ये काय, सगळंच चालतं. तुम्हाला फसवलंय असं माझं म्हणणं नाही मास्तर, असं ते म्हणायचे, आणि असं म्हणणारा माणूस नेमकं तेच म्हणत असतो. आठव्या दिवशी मास्तरांचा संयम सुटला. अरांदिया स्वतःचं सॉसेज घेऊन आले, चांगलं जाडजूड. ठाड झालं, पातं गडप झालं, सॉसेजला ओरखडा. अरांदियांनी वाचायचा चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी तपासलं.

"हे मेलेलं आहे पण," ते म्हणाले. "जिवंत माणसाचं यावरून सांगता येणार नाही."

मग ते घरी गेले, सॉसेज तळलं आणि पावाबरोबर खाल्लं. फॉर्मला मास्तरांना या वेळी सॉसेजच्या मालकाच्या ओळखपत्राची प्रत जोडावी लागली.

तोवर लाकडाचा पत्ता नव्हता. लाकूड जिकडून यायचं त्या युंगासच्या रस्त्यावर कुणीतरी कशासाठी तरी दगड टाकून वाहतूक अडवली होती, आणि नऊ दिवस सेद्रोच्या फळ्या उघड्या ट्रकवर पावसात भिजत उभ्या होत्या. त्या आल्या तेव्हा त्यांच्यातून पाणी टपकत होतं. पहिलीच फळी मास्तरांनी आत सरकवली आणि करवतीनं तिला माणूस समजून तिसरा ठोकळा कामी आणला. मास्तरांनी बाईंकडे पिवळी किल्ली मागितली. बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवून फक्त नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं आणि परत भाजी चिरायला घेतली.

उरला एक ठोकळा. पुढचा माल बंदरात अडकला होता, आणि जकातवाल्यांचा संप पाहता तो जूनच्या आत हलणार नाही, असं अरांदियांनी छाती फुगवून सांगितलं. मास्तर हादरले. त्यांनी नियेवेसबाईंचं केस वाळवायचं यंत्र घेऊन फळ्या वाळवायला सुरुवात केली. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर प्रत्येक फळी रोज सकाळी उभी करून तिचं वजन लिहून ठेवलं. घरातल्या कुणाचं वजन इतक्या काळजीनं कधी घेतलं गेलं नव्हतं. लग्नाला दोन आठवडे उरले तेव्हा टेबलाचे तीन पाय तयार होते, आणि चौथ्याचं वजन अजून उतरत होतं.

त्या रविवारी दुपारी माकारिओ एकटेच आले. आज ते हसले नाहीत, त्यामुळे मास्तर जास्तच सावध झाले. घसा खाकरत व्याह्यांनी सांगितलं की आपल्या कारखान्यात बारा माणसांचं एक टेबल तयार करून ठेवलंय. सेद्रोचंच. लग्नाच्या आदल्या दिवशी पाठवतो, तुम्हीच केलं म्हणून सांगू, कुणाला काय कळतंय. ते हे मनापासून म्हणत होते, आणि तेच मास्तरांना सहन होईना. त्यांचे कान तापले. त्यांनी तुटकपणे सांगितलं की टेबल होईल.

"मग द्या बघू इकडे," माकारिओंनी बाह्या वर केल्या. "मी फळ्या कापून देतो, तुम्ही जोडा. विहीणबाई, ती किल्ली द्या. याचं ते बोट ओळखणं बंद करा. बाईच्या ओल्या केसांनाही घाबरणारं यंत्र आहे हे."

"किल्ली मिळणार नाही," नियेवेसबाई म्हणाल्या.

"मी चाळीस वर्षं कापतोय, विहीणबाई."

"म्हणूनच."

व्याह्यांना असं उत्तर द्यायची रीत नव्हती. हिमेनाचं लग्न गॅरेजच्या दारातच अडलं की काय, असं मास्तरांना क्षणभर वाटलं. पण माकारिओंनी खांदे उडवले, यंत्र सुरू केलं आणि पहिली फळी सरकवली. मास्तर बघतच राहिले. फळी त्या हातांत जणू आपणहून सरळ चालत होती. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या, आणि आराखड्यात मास्तर जी रेघ पट्टी लावून काढत ती रेघ व्याह्यांच्या हाताखाली लाकडात उतरत होती. आजवर या माणसाचा राग करण्यात आपलं किती बघायचं राहून गेलं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. माकारिओ आता खुलले होते. चौथ्या फळीच्या मध्यावर ते मान वळवून नियेवेसबाईंना सांगू लागले की यंत्र असं धाकात ठेवायचं असतं.

ठाड झालं.

"तरी मी म्हणत होतो," मास्तर हातातला कागद आपटत म्हणाले. "चौथीचं वजन अजून उतरायचं होतं. दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? शेवटचा ठोकळा होता तो, व्याही. आता जूनपर्यंत बसा. ओलं लाकूड, ओलं लाकूड, शंभरदा सांगून झालं."

माकारिओ आपल्या डाव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत होते. अंगठ्याच्या पेरावर दाढी करताना लागावी तशी एक बारीक रेघ होती, आणि त्या रेघेवर रक्ताचा एकच थेंब हळूहळू मोठा होत होता.

नियेवेसबाईंनी व्याह्यांना धरून खोक्यावर बसवलं, रक्त पुसलं, औषध लावलं आणि अंगठ्यावर पट्टी चिकटवली. एवढ्याशा जखमेला एवढीशी पट्टी. माकारिओंनी अंगठा एकदा वाकवला, एकदा सरळ केला.

"व्याही," ते म्हणाले, "हे यंत्र निघालं कधी?"

"म्हणजे?"

"माझी दोन गेली ती लाल केबलकार सुरू झाली त्या वर्षी. पहिला डबा डोक्यावरून गेला, मी वर बघितलं. तेव्हा हे मिळत होतं का?"

मास्तरांना ठाऊक होतं. ही करवत ला पासमध्ये विकायला आल्याचं साल पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापलं होतं, आणि ते लाल केबलकारच्या तीन वर्षं आधीचं होतं. ते पान त्यांना तोंडपाठ होतं. दुपारचे पैसे, बिअर आणि बोट, उरलेले तिघे, या सगळ्याचं उत्तर एका शब्दात त्यांच्या जिभेवर आलं होतं. असा क्षण यावा म्हणून त्यांनी कित्येक महिने आरशासमोर उभं राहून वाक्यं जुळवली होती.

"नाही हो," मास्तर म्हणाले. "तेव्हा कुठलं? गेल्या दोन-तीन वर्षांतलं आहे हे."

नियेवेसबाईंनी औषधाच्या डब्याचं झाकण लावलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. ते पान त्यांनीही पुस्तिका आली त्या रविवारी ऐकलं होतं.

"त्या वर्षी एक टायवाला आला होता माझ्याकडे," माकारिओ जमिनीकडे बघत म्हणाले. "नव्या यंत्राचं काहीतरी सांगत होता. महागडं होतं. मी त्याला पुरतं बोलूही दिलं नाही."

"टायवाला म्हणजे विमेवाला असणार," मास्तर म्हणाले. "आमच्या शाळेतही त्या वर्षी तेच यायचे."

माकारिओंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. किती विश्वास बसला कोण जाणे, पण त्यांनी मोठा श्वास सोडला.

"विमेवालाच असेल," ते म्हणाले.

मग ते उठले, भिंतीवरची साधी हातकरवत काढली आणि अर्धी कापलेली फळी दोन स्टुलांवर आडवी टाकली. मास्तरांना दुसरं टोक धरायला सांगितलं. जरा वेळानं सांगितलं की असं नाही, असं धरतात. मास्तरांनी तसं धरलं, आणि संध्याकाळपर्यंत व्याह्यांनी लाकडाबद्दल जे जे सांगितलं ते सगळं मुकाट्यानं ऐकून घेतलं.